हृदयाच्या एमआरआयवरचा स्ट्रेनचा आकडा कितपत धरायचा? टेबलापासून रिपोर्टपर्यंतची पायरीवार पद्धत

मागच्या वेळी −२०, या वेळी −१७. ‘स्ट्रेन घसरला’ असं लिहून रिपोर्ट बाहेर पडतो. पण घसरलं काय, हृदयाचा स्नायू की आपली मोजणी? हे सांगायला सेंटरकडे स्वतःचा एक आकडा हवा: त्याच माणसाचा, काहीही बदललेलं नसताना, लागोपाठ दोनदा स्कॅन केला तर दोन उत्तरांत किती फरक पडतो? सॉफ्टवेअर घेतलं जातं, रंगीत आलेख रिपोर्टला जोडले जातात आणि हा आकडा काढायचा राहून जातो. दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या मशीनवरचा छापील आकडा इथे चालत नाही, कारण चूक बहुतेक वेळा सॉफ्टवेअरमध्ये नसते. ती टेबलावर, इलेक्ट्रोड लावताना आणि श्वासाची सूचना देताना शिरते.

हा लेख कार्डियाक एमआरआय करणारे टेक्निशियन, रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर आणि प्रबंधासाठी स्ट्रेन मोजणारे निवासी डॉक्टर यांच्यासाठी आहे. कोल्हापुरात गडहिंग्लज, चंदगड, राधानगरीकडून पहाटेची एसटी धरून येणारा पेशंट डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

शब्द एकदाच स्पष्ट करून घेऊ. स्ट्रेन म्हणजे डायस्टोलच्या (हृदय सैलावून रक्ताने भरण्याच्या) शेवटी स्नायूची जी लांबी असते, तिच्या तुलनेत आकुंचनात झालेला टक्केवारी बदल. हृदयाच्या लांबीच्या दिशेने तो लाँगिट्युडिनल, घेराच्या दिशेने सर्कम्फरेन्शियल आणि भिंतीच्या जाडीच्या दिशेने रेडियल. पहिल्या दोन्हींत स्नायू आखडतो म्हणून आकडा ऋण येतो. तिसऱ्यात भिंत जाड होते म्हणून धन.

## टप्पा १ : कोणती विश्वासार्हता तपासायची ते आधी ठरवा

‘विश्वासार्हता’ या एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी येतात. चूक साधारणपणे पहिलीपासून चौथीपर्यंत वाढत जाते.

१. त्याच माणसाने त्याच प्रतिमा पुन्हा मोजल्या.
२. दुसऱ्या माणसाने त्याच प्रतिमा मोजल्या.
३. त्याच पेशंटचा नव्याने स्कॅन करून मोजलं.
४. मशीन किंवा सॉफ्टवेअर बदलून मोजलं.

पेशंट सहा महिन्यांनी परत येतो तेव्हा कमीत कमी तिसरी चूक लागू होते. प्रबंधात मात्र पहिली तपासून ‘आमची पद्धत विश्वासार्ह आहे’ असं लिहिलेलं असतं. पहिली फक्त एवढंच सांगते की तुमचा हात स्थिर आहे. स्कॅन स्थिर आहे की नाही, याबद्दल ती काहीच बोलत नाही.

तपासा: वहीत एक वाक्य लिहा: ‘हा आकडा आम्ही अमुक निर्णयासाठी वापरणार.’ निर्णय वेळोवेळच्या तुलनेचा असेल तर टप्पा ७ मधली पुनर्चाचणी टाळता येणार नाही.

## टप्पा २ : पेशंटची तयारी

सुरक्षेची यादी नेहमीप्रमाणे आधी: पेसमेकर, मेंदूतल्या क्लिपा, कानातलं इम्प्लांट, डोळ्यात गेलेला धातूचा कण. आपल्याकडे मंगळसूत्र आणि जोडवी लक्षात राहतात, पण कमरेचा चांदीचा करदोटा आणि दंडातला ताईत राहून जातो. गाऊन घातल्यावर ते दिसत नाहीत, म्हणून नावं घेऊन विचारा.

मोजणीच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की दोन्ही स्कॅनच्या वेळी हृदयावरचा भार सारखा हवा. स्ट्रेन हा स्नायूचा निव्वळ गुणधर्म नाही. रक्तदाब चढला की तो बदलतो, हृदयात भरणारं रक्त कमीजास्त झालं की बदलतो. म्हणून:

- स्कॅनपूर्वी १० मिनिटं शांत बसवा. मग रक्तदाब आणि नाडी मोजून फॉर्मवर लिहा. जिना चढून आलेल्या पेशंटला थेट टेबलावर घेऊ नका.
- पहाटेपासून पाणीसुद्धा न घेतलेला पेशंट आणि पोटभर जेवून आलेला तोच पेशंट यांची तुलना होत नाही. पहिला स्कॅन उपाशीपोटी असेल तर दुसराही तसाच ठेवा. मधल्या सुट्टीत तांबडा-पांढरा ओरपून आलेल्या माणसाचा दुपारचा स्कॅन वेगळाच येणार. जेवणानंतर हृदयातून बाहेर पडणारं रक्त वाढतं.
- बीटा ब्लॉकरची गोळी नेहमीच्या वेळी घेतली का, हे विचारा. ‘स्कॅन आहे म्हणून सगळ्या गोळ्या बंद ठेवल्या’ हे उत्तर वरचेवर मिळतं.
- तंबाखू आणि मिश्रीबद्दल स्वतंत्रपणे विचारा. निकोटिनने नाडी आणि रक्तदाब दोन्ही चढतात. ‘काही खाल्लंय का?’ या प्रश्नाच्या उत्तरात तंबाखू कधीच येत नाही, कारण तंबाखू हे खाणं धरलं जात नाही.

## टप्पा ३ : ईसीजी

सिने, म्हणजे धडधडत्या हृदयाची हलती प्रतिमा, एका ठोक्यात तयार होत नाही. आठ-दहा ठोक्यांतले तुकडे जोडून एक ठोका बनवला जातो. जोडणी ईसीजीवरच्या आर लाटेवर, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या उंच टोकदार लाटेवर होते. ती चुकली की सगळं चुकतं, आणि प्रतिमा तरी ‘बरी’ दिसू शकते.

१. छातीवरचे केस काढा, त्वचा कोरड्या गॉझने घासा. पावसाळ्यात ओल्या अंगावर इलेक्ट्रोड चिकटल्यासारखा वाटतो आणि मशीनमध्ये गेल्यावर सुटतो. आधी टॉवेलने नीट पुसा.
२. एमआरआयसाठीचेच इलेक्ट्रोड वापरा, नव्या पाकिटातले. उघड्या राहिलेल्या पाकिटातलं जेल वाळतं.
३. चारही लीड जवळजवळ, छातीच्या डाव्या बाजूला लावा. तारांचा वेटोळा होऊ देऊ नका आणि तार उघड्या त्वचेवर ठेवू नका. भाजण्याचा धोका असतो.
४. सिग्नल टेबल बाहेर असताना बघा आणि आत गेल्यावर पुन्हा बघा. चुंबकीय क्षेत्रात वाहणारं रक्त स्वतःचा विद्युतदाब तयार करतं. महाधमनीतला प्रवाह जोरात असतो तेव्हा, म्हणजे आर नंतरच्या टी लाटेच्या सुमारास, ही भर पडते. टी लाट फुगून आर लाटेएवढी होते आणि मशीन तिच्यावरच ट्रिगर घेतं. ३ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं एकक) मशीनवर हा त्रास १.५ टेस्लापेक्षा जास्त.

तपासा: मशीनवरची ईसीजीची गती आणि बोटाला लावलेल्या पल्स ऑक्सिमीटरची गती जुळते का? ईसीजी १३० आणि बोट ६५ दाखवत असेल तर टी लाट मोजली जाते आहे. इलेक्ट्रोडची जागा बदला.

सावधान: ईसीजी जमलाच नाही म्हणून बोटाच्या नाडीवर सिने घेतला, तर पहिली फ्रेम डायस्टोलच्या शेवटची नसते, नाडीचा ठोका बोटापर्यंत यायला वेळ लागतो. सॉफ्टवेअर मात्र पहिली फ्रेमच शून्य धरून हिशोब सुरू करतं. अशा वेळी सगळ्यात मोठ्या पोकळीची फ्रेम हाताने शोधून तीच संदर्भ म्हणून द्या.

रेट्रोस्पेक्टिव्ह गेटिंग (माहिती सलग घेऊन नंतर आर लाटेनुसार लावणं) वापरा. प्रॉस्पेक्टिव्हमध्ये ठोक्याचा शेवटचा भाग कापला जातो. ठोके अनियमित असतील तर, विशेषतः एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, रिअल टाइम सिने (ठोके न जोडता घेतलेला) घेता येतो, पण त्याचा आकडा नेहमीच्या सिनेच्या आकड्याशेजारी ठेवू नका.

## टप्पा ४ : श्वास

वेळोवेळच्या तुलनेत सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, आणि तो टाळायला खर्च शून्य आहे.

श्वास सोडून थांबवायचा. श्वास सोडल्यावर छातीचा पडदा ज्या जागी येतो, ती जागा दरवेळी बऱ्यापैकी तीच असते. श्वास घेऊन थांबवला तर एकदा थोडा, एकदा जास्त घेतला जातो. हृदय वरखाली सरकतं आणि ठरवलेला काप (ज्या पातळीतून प्रतिमा घेतो ती) हृदयाच्या दुसऱ्याच जागेतून जातो. वर छाती फुगल्याने हृदयात परतणारं रक्तही बदलतं.

आता सूचनेचे शब्द. ‘श्वास रोखा’ म्हटलं की माणूस आधी खोल श्वास घेतो आणि मग रोखतो. ती सवयच आहे. ‘दम धरा’ म्हणावं, तर आपल्याकडे त्याचा अर्थ ‘जरा थांबा, घाई नको’. पेशंट निवांत श्वास घेत पडून राहतो. चालणारी सूचना अशी, तुकड्यातुकड्यांत:

‘मामा, श्वास घ्या. … सोडा. … अजून घ्या. … आता पूर्ण सोडा. … झालं? आता घेऊ नका, तसंच थांबा.’

आणि स्कॅन संपला की लगेच ‘आता घ्या’. हे शेवटचं विसरलं तर पुढच्या वेळी पेशंट आपल्यावर विश्वास ठेवत नाही आणि मध्येच श्वास घेतो. मशीनमधल्या रेकॉर्ड केलेल्या हिंदी-इंग्रजी सूचना बंद ठेवा. मावशींना त्यातलं काय कळलं ते प्रतिमेत दिसतं.

टेबल आत नेण्यापूर्वी तीनदा सराव करून घ्या, हात पोटावर ठेवून. पोट खाली गेलेलं असताना थांबलं पाहिजे. १० ते १२ सेकंदांपेक्षा लांब थांबायला लावू नका. दोन थांब्यांमध्ये १५-२० सेकंद मोकळी सोडा.

तपासा: श्वासाच्या पट्ट्याचा आलेख प्रत्येक थांब्याला एकाच पातळीवर सपाट होतो का? दोन कापांमध्ये पातळी हलली असेल तर तो काप लगेच पुन्हा घ्या. नंतर संगणकावर याला उपाय नाही.

## टप्पा ५ : काप ठरवणे आणि सिने घेणे

लांब अक्षाचे काप. टू चेंबर, फोर चेंबर आणि थ्री चेंबर, तिन्ही मायट्रल झडपेच्या मध्यातून आणि हृदयाच्या खऱ्या टोकातून गेले पाहिजेत. टोक हुकलं तर डावं वेंट्रिकल (हृदयाचा खालचा डावा कप्पा) आखूड आणि टोकाशी गोल दिसतं आणि लाँगिट्युडिनल स्ट्रेन भलताच येतो. डायस्टोलच्या शेवटी टू चेंबर आणि फोर चेंबरमध्ये वेंट्रिकलची लांबी मोजून पाहा. काही मिलिमीटरच्या पलीकडे फरक पडत असेल तर दोहोंतला एक काप तिरका गेलेला आहे.

आडवे काप. जाडी ८ मिलिमीटर, प्रतिमेतला बिंदू २ मिलिमीटरपेक्षा मोठा नको. स्ट्रेनसाठी तीनच काप वापरणार असाल तर ‘पाचातले तीन’ ही रीत सर्वांत सोपी: आकुंचनाच्या शेवटच्या फ्रेमवर झडपेपासून टोकापर्यंत समान अंतरावर पाच काप मांडा, पहिला आणि शेवटचा सोडा, मधले तीन घ्या. आकुंचनाची फ्रेम अशासाठी, की हृदयाचा बुडखा (झडपेकडची बाजू) प्रत्येक ठोक्याला टोकाकडे साधारण सेंटिमीटरभर किंवा थोडा जास्तच सरकतो आणि काप मात्र जागचा हलत नाही. डायस्टोलमध्ये छान गोल दिसणारा बेसल (बुडख्याचा) काप आकुंचनात एट्रियममध्ये, म्हणजे वरच्या कप्प्यात शिरलेला असतो.

फ्रेमची संख्या. यंत्रावर ‘२५ फेज’ (एका ठोक्याच्या २५ फ्रेम) लिहिलं की काम झालं असं समजू नका. एका फ्रेमला लागणारा खरा वेळ म्हणजे एका तुकड्यात घेतलेल्या कच्च्या माहितीच्या ओळी गुणिले टीआर (एका ओळीला लागणारा वेळ). टीआर ३ मिलिसेकंद आणि १२ ओळी, तर ३६ मिलिसेकंद. फेज ५० केले तरी खरे क्षण वाढत नाहीत. मधले मशीन अंदाजाने भरतं.

उदाहरणाला तालमीतला पैलवान घ्या. नाडी ४५, म्हणजे एक ठोका १३३३ मिलिसेकंदांचा. त्याचे २५ फेज केले तर दोन फ्रेममध्ये ५३ मिलिसेकंद. आकुंचनाचं खरं टोक दोन फ्रेमच्या मध्ये हरवतं आणि स्ट्रेन कमी मोजला जातो. धडधाकट हृदय कमकुवत दिसायला लागतं. शिवाय १५० ओळींना १२-१२ च्या हिशोबाने १३ ठोके, म्हणजे १७ सेकंद श्वास थांबवायचा. उपाय: पॅरलल इमेजिंग (कमी ओळी घेऊन प्रतिमा पूर्ण करण्याची सोय) दुप्पट करा, म्हणजे ७ ठोक्यांत, साधारण ९ सेकंदांत काम होतं, आणि फेज ३५ ते ४० करा. उलट नाडी १०० असेल तर ठोका ६०० मिलिसेकंदांचाच. तिथे ओळी १२ वरून ८ वर आणा, म्हणजे २४ मिलिसेकंद मिळतात. खरा वेळ ४५ मिलिसेकंदांच्या वर जाऊ देऊ नका. ३० च्या आसपास असेल तर उत्तम.

३ टेस्ला असेल तर सिनेमध्ये काळे पट्टे येतात, बहुधा फुप्फुसालगतच्या भिंतीवर. शिम (चुंबकीय क्षेत्र एकसारखं करण्याची जुळवणी) फक्त हृदयाभोवती लावा आणि फ्रिक्वेन्सी स्काउट (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवरच्या चाचणी प्रतिमा) घेऊन पट्टा स्नायूबाहेर सरकवा. पट्टा हृदयाबरोबर हलत नाही, त्यामुळे ट्रॅकिंग (स्नायूच्या कडेचा फ्रेमफ्रेमला पाठलाग करणारं सॉफ्टवेअर) त्यालाच कड समजून अडकतं.

क्रम मोडू नका: सिने गॅडोलिनियमच्या (शिरेतून द्यायच्या कॉन्ट्रास्ट औषधाच्या) आधी घ्यायचा ठरवलं असेल तर दरवेळी आधीच. औषधानंतर रक्त आणि स्नायू यांच्यातला उजेड-अंधाराचा फरक कमी होतो, कड पुसट होते.

टॅगिंग (स्नायूवर रेघांची चुंबकीय जाळी उमटवून तिचं वाकणं मोजणं) करणार असाल तर त्याबद्दल दोनच गोष्टी. जाळीच्या रेघा ७-८ मिलिमीटरवर असतात आणि भिंत ८-१० मिलिमीटरची. भिंतीच्या जाडीत एखाद-दुसरीच रेघ येते, म्हणून टॅगिंगवरून रेडियल स्ट्रेन सांगू नका, घेराचा सांगा. रेघा टी१ च्या (ऊतीचं चुंबकन पूर्ववत होण्याच्या काळाच्या) वेगाने विरतात, त्यामुळे १.५ टेस्लावर डायस्टोलपर्यंत त्या टिकत नाहीत आणि गॅडोलिनियमनंतर तर आणखी लवकर जातात.

## टप्पा ६ : रेघा काढणे आणि ट्रॅकिंग

फीचर ट्रॅकिंग नेहमीच्या सिनेवर चालतं, वेगळा स्कॅन लागत नाही, म्हणून ते सर्वत्र पसरलं. पण सिनेमध्ये स्नायूच्या पोटात टिपण्यासारखं काही नसतं, सगळा एकसारखा करडा. सॉफ्टवेअर मुख्यतः आतल्या आणि बाहेरच्या कडेचा पाठलाग करतं. म्हणजे कड जिथे तुम्ही काढली, उत्तर तिथून निघणार.

एका मिलिमीटरचं गणित करून पाहा. डायस्टोलमध्ये पोकळीचा व्यास ४८, आकुंचनात ३६ मिलिमीटर. घेरातला बदल −२५ टक्के. भिंत ८ वरून ११.२, रेडियल ४० टक्के. आता डायस्टोलची आतली रेघ फक्त १ मिलिमीटर बाहेर काढली. व्यास ५०, भिंत ७. घेराचा स्ट्रेन −२८ झाला. रेडियल? ६० टक्के. चूक तीच, एका मिलिमीटरची, म्हणजे प्रतिमेतल्या एका बिंदूपेक्षाही कमी. पण घेराचा आकडा थोडा हलला आणि रेडियल दीडपट झाला. रेडियल स्ट्रेनवर निर्णय घेऊ नये तो यामुळे.

क्रम असा:

१. डायस्टोलच्या शेवटची फ्रेम डोळ्यांनी निवडा. सॉफ्टवेअरने निवडलेली तपासल्याशिवाय मान्य करू नका.
२. आतली रेघ: पॅपिलरी स्नायू आणि जाळीदार भाग रक्ताच्या पोकळीत सोडा. दुसरी रीतही चालते, पण सेंटरमध्ये एकच ठेवा आणि ती लिहून भिंतीवर लावा.
३. बाहेरची रेघ: चरबीच्या कडेच्या किंचित आत. चरबी आत आली तर ट्रॅकिंग तिच्यावरच चिकटतं.
४. उजवं वेंट्रिकल जिथे जोडलेलं असतं तो बिंदू लावा. हा सरकला की भिंतीचे सगळे विभाग गोल फिरतात आणि खालच्या भिंतीचा दोष शेजारच्या भिंतीच्या नावावर जातो.
५. सिने चालवून बघा. रेघ कडेबरोबर जाते का? बुडख्याशी आणि पॅपिलरीपाशी ती घसरते.
६. घसरली तर पहिल्या फ्रेमवरची रेघ सुधारा, जास्तीत जास्त दोनदा. तरी जमेना तर तो विभाग वगळा आणि तसं लिहा.

सावधान: आकडा ‘पटेपर्यंत’ रेघ दुरुस्त करत बसणं ही सर्वांत वाईट सवय. आकड्याची खिडकी झाकून रेघा काढा.

संपूर्ण वेंट्रिकलचा सर्कम्फरेन्शियल स्ट्रेन सर्वांत स्थिर येतो, संपूर्ण लाँगिट्युडिनल त्याच्या जवळपास. एकेका विभागाचा आकडा फार हलतो. १६ विभागांचं रंगीत चक्र दिसायला देखणं असतं, पण फीचर ट्रॅकिंगवर एका विभागाच्या आकड्यावरून ‘इथे रक्तपुरवठा कमी’ असं लिहू नये. डोळ्यांना भिंत हलताना काय दिसतं आणि लेट एन्हान्समेंटमध्ये (गॅडोलिनियमनंतर काही वेळाने घेतलेल्या प्रतिमांत) व्रण आहे का, हे आधी.

सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्ती प्रत्येक रिपोर्टवर लिहा. कुणी फक्त आतल्या कडेचा स्ट्रेन देतं, कुणी पूर्ण जाडीचा. दोन्हींचं नाव एकच आणि आकडे वेगळे.

## टप्पा ७ : पुनर्चाचणी कशी घ्यायची

यासाठी नीतिमत्ता समितीची परवानगी आणि सहभागींची लेखी संमती आधी घ्या. पुनर्चाचणीत गॅडोलिनियम लागत नाही.

१. माणसं निवडा: निरोगी आणि ज्यांच्यासाठी मोजणी वापरणार ते पेशंट, दोन्ही. नुसत्या इंटर्न पोरांवर चाचणी घेतली तर श्वास उत्तम, नाडी उत्तम, आणि आकडा फसवा चांगला.
२. पहिला स्कॅन पूर्ण करा.
३. पेशंटला टेबलावरून खाली उतरवा. छातीवरची कॉइल (सिग्नल टिपणारं उपकरण) आणि इलेक्ट्रोड काढा. १०-१५ मिनिटं बाहेर बसवा.
४. शक्यतो दुसऱ्या टेक्निशियनने, पहिलं प्लॅनिंग न पाहता, सगळं नव्याने करावं. तोच पेशंट आत ठेवून तोच काप पुन्हा घेतला तर तपासलं काय?
५. दोन्ही वेळची नाडी आणि रक्तदाब लिहा.
६. नावं झाकून, क्रम ढवळून मोजा. त्याच माणसाने पुन्हा मोजायचं तर मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्या.

सावधान: बरीच सॉफ्टवेअर जुन्या रेघा आपोआप उघडतात. दुसरी मोजणी म्हणजे पहिलीचीच नक्कल होते आणि फरक जवळजवळ शून्य येतो. ‘फारच छान’ निकाल आला की आधी हे तपासा.

## टप्पा ८ : हिशोब

एक्सेल पुरे. रीत दाखवण्यापुरते दहा जणांचे काल्पनिक फरक घेऊ, पहिला स्कॅन वजा दुसरा, सर्कम्फरेन्शियल स्ट्रेनचे टक्के-अंक: ०.६, −१.१, ०.३, १.४, −०.८, −०.२, १.९, −१.५, ०.७, −०.३.

- सरासरी फरक: ०.१. म्हणजे एका बाजूला झुकाव नाही.
- फरकांचं प्रमाण विचलन: १.०९.
- ब्लँड-ऑल्टमनच्या मर्यादा (ज्यांच्या आत साधारण ९५ टक्के फरक बसतात): ०.१ अधिक-उणे १.९६ × १.०९, म्हणजे −२.० ते २.२.
- एका मोजणीची चूक: १.०९ भागिले √२ = ०.७७.
- सरासरी स्ट्रेन १८.५ असेल तर चूक ४.२ टक्के. इथे ऋण चिन्ह काढून भागा, नाहीतर ‘−४.२ टक्के चूक’ असलं काहीतरी छापून येतं.

या सेंटरला, अशाच पेशंटमध्ये, साधारण २.१ टक्के-अंकांपेक्षा कमी बदल हा बदल म्हणून लिहिता येणार नाही.

पण दहाच जण आहेत, म्हणून ही मर्यादासुद्धा डळमळीत आहे. तिची स्वतःची ९५ टक्के पट्टी सुमारे १.३५ अंक दोन्हीकडे, २.२ ची मर्यादा खरं तर ३.५ असू शकते. तीस जण घेतले तर ही पट्टी सुमारे ०.७ वर येते.

दोन फसवे मार्ग. पहिला, सहसंबंध गुणांक. दुसरा स्कॅन दरवेळी ५ अंकांनी जास्त आला तरी सहसंबंध १ येऊ शकतो. सहसंबंध म्हणजे जुळणी नव्हे. दुसरा, एकटा आयसीसी (इंट्राक्लास कोरिलेशन, विश्वासार्हतेचा एक गुणांक). तो माणसामाणसांतल्या फरकावरही अवलंबून असतो. गटात −८ पासून −२२ पर्यंतचे पेशंट घातले की तो फुगतो, सगळे निरोगी घेतले की तोच कोसळतो, आणि मोजणीची चूक दोन्हीकडे तेवढीच असते. आयसीसी द्या, पण टक्के-अंकांतली चूक त्याच्या शेजारी छापा.

## टप्पा ९ : रिपोर्ट

केमोथेरपीच्या पेशंटचं उदाहरण घेऊ. इकोवर लाँगिट्युडिनल स्ट्रेनमध्ये आधीच्या तुलनेत १५ टक्क्यांहून जास्त घट ही काळजीची खूण मानतात. −२० चा −१७ झाला तर घट बरोबर १५ टक्के, म्हणजे ३ अंक. हा निकष इकोचा आहे. एमआरआयला तो जसाच्या तसा लावणं ही पहिली चूक. आणि तुमच्या सेंटरची लाँगिट्युडिनलची मर्यादा ३.५ अंक निघाली असेल, तर हे ३ अंक तिच्या आतच आहेत. अशा वेळी ‘घट आहे’ आणि ‘घट नाही’ ही दोन्ही वाक्यं चुकीची. लिहायचं असं: ‘−२०.० वरून −१७.०, फरक आमच्या मोजणीच्या मर्यादेत. इजेक्शन फ्रॅक्शन, ट्रोपोनिन यांच्यासोबत पाहावे. त्याच मशीनवर पुन्हा स्कॅन सुचवतो.’

‘स्ट्रेन वाढला’, ‘स्ट्रेन कमी झाला’ हे शब्द टाळा. −१७ हा −२० पेक्षा मोठा आकडा आहे, त्यामुळे वाचणारा उलट समजू शकतो. ‘आकुंचन कमी झाले’ असं लिहा.

रिपोर्टच्या तळाशी ठरलेली ओळ असू द्या: मशीन आणि टेस्ला, खरा वेळ मिलिसेकंदांत, श्वास सोडून की घेऊन, नाडी, रक्तदाब, सॉफ्टवेअर आणि आवृत्ती, वगळलेले विभाग, आणि सेंटरची मर्यादा टक्के-अंकांत. पुढच्या वेळी तोच पेशंट दुसऱ्या सेंटरला गेला तर तिथल्या डॉक्टरला या ओळीशिवाय तुलना करता येणार नाही.

सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली, नवं मशीन किंवा कॉइल आली, सिनेच्या सेटिंगला हात लागला, किंवा नवा टेक्निशियन रुजू झाला, की जुनी मर्यादा लागू राहत नाही. फक्त सॉफ्टवेअर बदललं असेल तर नव्या स्कॅनची गरज नाही: टप्पा ७ च्या साठवलेल्या प्रतिमा नव्या आवृत्तीवर मोजा आणि वेळोवेळच्या तुलनेतले जुने पेशंटही त्याच आवृत्तीवर पुन्हा मोजून घ्या. बाकीच्या बाबतीत टप्पा ७ पुन्हा. त्यासाठी मूळ डायकॉम प्रतिमा जपून ठेवाव्या लागतात. रिपोर्टची पीडीएफ इथे उपयोगाची नाही.